बांधावरचे किडे, पठारावरचे जीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कीटक, कोळी, खेकडे, गोगलगाई, गांडुळं अशा बिनकण्याच्या जीवांसाठी आमची ना-नफा संस्था काम करते. ग्रामसभेत, शाळेत, बांधावर उभं राहून आणि फोनवर लोक जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. हुमणीचं आणि बांधाचं उत्तर लांबलं आहे. ती दोन्ही शेतकऱ्यांनी पूर्ण वाचावीत अशी विनंती.

वाघ, गवा, गिधाडं असताना किड्यांसाठी वेगळी संस्था कशाला?

वाघासाठी 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. कोयना आणि चांदोलीच्या रानाला वनखात्याचं संरक्षण आहे. किड्यांचं घर मात्र बऱ्याचदा कुणी जंगल म्हणणार नाही अशा जागी असतं: शेताचा बांध, ओढ्याचा काठ, पडीक रान, गवताचा माळ, पठाराचा कातळ, पडक्या भिंतीतली भोकं. यातल्या कितीतरी जागा तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावर आहेत. तिथे काय राहणार आणि काय जाणार, ते जेसीबी आणि तणनाशकाचा पंप ठरवतो.

जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. तिथे 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन तीन चतुर्थांशांहून जास्त घटलेलं आढळलं. ही राखीव जागांच्या आतली गत. अमेरिकेत 1971 साली कीटकांसाठी स्थापन झालेल्या झर्क्सीस सोसायटीचं नावही घर गेल्यामुळे संपलेल्या एका फुलपाखरावरून ठेवलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर ते राहायचं. त्या टेकड्यांवर शहर वाढलं आणि 1940 च्या दशकात ते फुलपाखरू कायमचं गेलं. म्हणून आम्ही आधी किड्याच्या जागेबद्दल बोलतो, मग किड्याबद्दल.

किडे वाचवा म्हणता, मग आमच्या उसातल्या हुमणीचं काय करायचं?

हुमणी मारायचीच. उसाची मुळं कुरतडून उभं पीक वाळवणारी अळी जपा, असं आम्ही कुठल्याही शेतकऱ्याला सांगणार नाही. आमचा आग्रह एवढाच, की हुमणी मारताना फक्त हुमणीच मरावी.

तिची वेळ ठरलेली आहे. वळवाचा चांगला पाऊस झाला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला बसतात. मिलनही तेव्हाच होतं आणि पुढे मादी जमिनीत अंडी घालते. त्यामुळे पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी सगळ्यात मोलाच्या. फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे, गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. हे एकट्याने करून भागत नाही, कारण शेजारच्या शिवारातला भुंगेरा उडून तुमच्याकडे येतोच. अख्ख्या गावाने एकाच आठवड्यात केलं तर फरक पडतो.

प्रकाश सापळा लावत असाल तर अंधार पडल्यावर दोनेक तास लावा आणि बंद करा. रात्रभर दिवा चालू राहिला की सकाळी घमेल्यात पतंग, पाणभुंगेरे, क्रायसोपा (मावा खाणारा नाजूक हिरवा कीटक), काजवे असा सगळा ढीग दिसतो. त्यातले बरेच जीव तुमच्या बाजूचे असतात. जमिनीतल्या अळीसाठी मेटारायझियम ही बुरशी आणि हुमणीवर जगणारे सूत्रकृमी कृषी विद्यापीठं सुचवतात. जमिनीत ओल असताना दिले तर ते काम करतात.

आणखी एक. उकिरड्यात किंवा शेणखतात पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली की लोक हुमणी समजून चिरडतात. ती अळी एखाद्या फळीवर ठेवून बघा. अंग सरळ करून ती पाठीवर, पाय वर करून सरपटायला लागली तर ती हुमणी नव्हे. ती फुलांवर येणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी आहे. कुजलेला पाला आणि शेण खाऊन ती त्याचं बारीक खत करते. तिला परत खतात सोडा.

मित्रकीड वगैरे पुस्तकात ठीक आहे. शिवारात त्याचा खरंच उपयोग होतो का?

सांगली जिल्ह्यातल्या ऊसवाल्याने हा प्रश्न विचारला की आम्ही त्याला 2002 साल आठवायला सांगतो. त्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात लोकरी माव्याचा, म्हणजे उसाच्या पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, उद्रेक झाला आणि तिथून तो पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरला. पानांच्या खालची बाजू पांढरीफेक, वरच्या बाजूला चिकट्यावर वाढलेली काळी काजळी. डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरून फवारणी करणं शक्य नव्हतं, आणि जिथे केली तिथे मावा पुन्हा आला.

तो आटोक्यात आला त्यात डिफा आणि मायक्रोमस या दोन भक्षक कीटकांचा वाटा फार मोठा आहे. डिफाची अळी माव्याच्या थव्यातच रेशमाचं पातळ जाळं विणते आणि त्याच्या आड राहून मावा फस्त करत जाते. पान उलटं करून जवळून पाहिलं तरच ती दिसते. विद्यापीठं, साखर कारखाने आणि शेतकऱ्यांनी हे कीटक वाढवले, अळ्या असलेली पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेली. त्या काळात ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, ती माणसं आजही गावोगाव आहेत. त्यांना विचारा.

माझा दोन एकर ऊस आणि थोडी भाजी आहे. मी नेमकं काय करू?

बांधापासून सुरुवात करा. आमच्या सगळ्या कामात आम्ही कशावर सर्वांत जास्त भर देत असू तर तो बांधावर.

आपल्याकडे बांध दरवर्षी कोरला जातो. नांगर एक ओळ आत सरकतो, पुढच्या वर्षी शेजाऱ्याचाही सरकतो. भाऊबंदकी होते ती वेगळी, पण दोन्ही बाजूंनी कोरून बांध वीतभर उरला की त्यावर राहणारं सगळं जातं. उरलेल्या वीतभरावर तणनाशक मारलं की संपलंच. खरं तर ऊस, सोयाबीन, हळद असं एकच पीक मैलोन्‌मैल पसरलेलं असताना, वर्षभर काही ना काही फुललेलं राहील अशी एकच जागा शिवारात उरते, ती म्हणजे बांध. ढालकिडा, क्रायसोपा, सिरफिड माशी, परोपजीवी गांधीलमाश्या मावा नसतो तेव्हा कुठे जातात? बांधावरच्या फुलांवर. तिथून त्या पिकात येतात.

म्हणून बांधावर तणनाशक मारू नका. गवत वाढलं तर कापा, पण सगळं एकदम कापू नका. एक बाजू आता कापा, दुसरी दिवाळीनंतर. टाकळा, कुर्डू, रानतुळस राहू द्या. भाजीच्या कडेने चवळी, तीळ, झेंडू, मका लावा. चवळीवर मावा येतो म्हणून घाबरू नका, तो चवळीचाच मावा असतो आणि त्याच्या मागे ढालकिडे येतात. बांधाचा थोडा भाग उघडा, टणक मातीचाही असू द्या. एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या मोहोळ करत नाहीत, त्या अशा उघड्या जमिनीत पेन्सिलीएवढं बीळ करून अंडी घालतात.

पाचट जाळू नका. खोडव्यात पाचट सरीत दाबलं की त्याखाली ओल टिकते, गांडुळं वर येतात, कोळी आणि जमिनीवरचे भक्षक भुंगेरे तिथे लपतात. काडी लावली की हे सगळं जागच्या जागी भाजतं. फवारणी करणं भागच असेल तर पीक फुलात असताना टाळा, आणि करायचीच वेळ आली तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर करा. आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांना आणि कांद्याचं बी धरणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. कांद्याच्या गोंड्यावर माशी आली नाही तर बीच धरत नाही.

गुरांच्या जंताच्या औषधाचा आणि किड्यांचा काय संबंध?

आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि त्या शेणात वाढणाऱ्या शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. शेणकिडे कमी झाले की पोवटे माळावर तसेच वाळत पडतात, जमिनीत जात नाहीत. गुरांना गरजेशिवाय, नुसतं सवयीने औषध देऊ नका. काय आणि केव्हा द्यायचं ते पशुवैद्यकांना विचारा.

पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागलंय. पेटवून काढलं तर चालेल का?

नाही. आग्या माश्या मोसमी असतात. फुलोऱ्याच्या मागे येतात आणि काही महिन्यांनी आपण होऊन उठून जातात. त्यांना कुणी छेडलं नाही तर त्या बहुधा कुणाच्या वाटेला जात नाहीत. मशाल लावली की हजारो माश्या जळतात आणि वाचलेल्या माश्या गल्लीतल्या माणसांवर तुटून पडतात. गडांवर पर्यटकांना माश्या चावल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुधा धूर, दगड किंवा फटाके असतात.

मोहोळाखालचा रस्ता थोडे दिवस वळवा, रात्री त्यावर दिव्याचा झोत टाकू नका. शाळेच्या दारावर वा दवाखान्यात लागलं असेल तर जाणकार माणसाकडून हलवून घ्या. आग्या माश्या पेटीत राहत नाहीत. भिंतीच्या पोकळीत सातेरी ही लहान मधमाशी असेल तर ती मात्र पेटीत घेता येते. माश्या अंगावर आल्याच तर तोंड झाकून बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. खूप डंख झाले, श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, तर लगेच दवाखाना गाठा.

मधपेट्या वाटल्या की मधमाश्या वाचतात ना?

मधपेट्या चांगल्याच आहेत. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. जांभूळ, हिरडा, कारवी फुलते तेव्हा तिथल्या घरांना पेटीचा आधार असतो, आणि मधासाठी म्हणून लोक रान राखतात. ही मोठीच गोष्ट आहे.

पण पेटीतली माशी हा पाळीव जीव झाला. रानातल्या शेकडो प्रकारच्या माश्यांना पेटीचा उपयोग नाही. टोमॅटोचं उदाहरण घ्या. त्याच्या फुलात पराग नळीत भरल्यासारखे असतात आणि नळीच्या टोकाला बारीक छिद्रं असतात. मधमाशीला ते नीट काढता येत नाहीत. पोटावर निळे पट्टे असलेली एक गुबगुबीत माशी येते, फुलाला घट्ट धरून लटकते आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवते. त्या क्षणी तिचा आवाज एकदम बारीक, चढा होतो आणि पराग छिद्रांतून धुरळ्यासारखे तिच्या पोटावर पडतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या ओळीत शांत उभं राहा, हा आवाज ऐकू येईल. ही माशी मातीत घर करते. काळा भुंगा वाळलेल्या लाकडात आणि बांबूत करतो. त्यांच्यासाठी बांध, पडकी मातीची भिंत आणि वठलेलं झाड हवं.

कासला आम्ही फक्त फुलं बघतो. त्यात किड्यांचं काय बिघडतं?

कास पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, पश्चिम घाटाच्या 39 स्थळांपैकी एक म्हणून. जांभ्याच्या कातळावर इथे मातीचा जेमतेम थर आहे. पावसाळ्यात कातळातल्या खळग्यांत पाणी साचतं आणि त्यात बोटाच्या पेराएवढे, पारदर्शक, पाठीवर पोहणारे जीव दिसतात. हे फेअरी श्रिंप. सह्याद्रीच्या पठारांवरच्या एका जातीचं नावच स्ट्रेप्टोसिफॅलस सह्याद्रीएन्सिस असं आहे. पाणी आटेपर्यंत काही आठवड्यांत ते वाढतात, अंडी घालतात आणि मरतात. त्यांची अंडी कोरड्या मातीत उन्हाळाभर पडून राहतात. म्हणून मे महिन्यात खडखडीत दिसणाऱ्या पठारावर गाडी फिरवली तरी नुकसान होतं.

सुटे दगड उचलू नका, रचू नका. त्यांच्याखाली विंचू, गोम, खेकडे आणि पाली दुपारच्या उन्हातून वाचतात. दगड उलटलाच तर होता तसा ठेवा. फुलांमध्ये शिरून फोटो काढू नका, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

कासला निदान नियम आहेत, राखण करणारे गावकरी आहेत. चाळकेवाडी, सडावाघापूर यांसारख्या पठारांवर पवनचक्क्या, रस्ते आणि पर्यटकांच्या गाड्या आहेत, राखणदार मात्र फारसे नाहीत. आमचा जीव त्या पठारांसाठी जास्त तुटतो.

काजवे बघायला कुठे नेता?

नेत नाही. मे-जूनमध्ये नर चमकून मादीला शोधत असतो. मोबाईलचा टॉर्च आणि गाडीचे दिवे त्याच्या आड येतात, आणि काही जातींच्या माद्या उडत नाहीत, जमिनीवर असतात, त्या पायाखाली जातात. तुमच्या गावाबाहेरच्या ओढ्याला काजवे असतील तर तिथला हॅलोजन त्या दिवसांत बंद ठेवण्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज द्या. अर्ज लिहायला आम्ही मदत करू.

आमच्या मंडळाला माळावर हजार झाडं लावायची आहेत. याल का?

तुमची तळमळ आम्हाला कळते आणि झाडं लावायलाही येऊ. फक्त जागा बदलू या. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इकडचा माळ उजाड दिसतो, पण ते गवताचं रान आहे. नाकतोडे, टोळ, गवतावर वाढणारी फुलपाखरं, शेणकिडे, कोळी आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी यांचं ते घर आहे. चर खणून, खड्डे काढून तिथे दाट झाडी केली की हे सगळे जीव विस्थापित होतात. सागरेश्वरला माणसांनी मेहनतीने रान उभं केलं, त्याचं मोल आहेच. तरी प्रत्येक माळाचं सागरेश्वर करायचं नसतं. झाडं गावठाणात, रस्त्याकडेला, विहिरीवर, शाळेत लावू.

माळासाठी खरंच काही करायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल वणवा लागू देऊ नका. गवत जाळलं की पावसाळ्यात चांगलं येतं, हा समज अजून घट्ट आहे. गवताच्या काडीला चिकटलेली अंडी, कोष, सांदीत बसलेले किडे त्या आगीत जातात. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे गवत काढलेले पट्टे, काढायला माणसं लागतात, तिथे मंडळाची पोरं हवी आहेत.

विंचू दिसला तर तोही सोडायचा?

लांब चिमट्याने बरणीत घालून घरापासून दूर, दगडांत सोडा. जमत नसेल तर जाणकाराला बोलवा. मोठी काळी इंगळी भयंकर दिसते, पण जास्त धोका लहानशा लाल विंचवाचा असतो. तो चावला तर मंत्र, पाला यात वेळ घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण वाचवले आणि ही पद्धत जगापुढे मांडली. लहान मुलांच्या बाबतीत एक मिनिटही दवडू नका.

शंखी गोगलगायही जपायची का?

मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय बाहेरून आलेली आहे आणि सोयाबीनची, भाज्यांची रोपं रातोरात खाते. ती गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधावर टाकली की सकाळी त्याखाली सापडतात. हातमोजे घाला. आपल्या रानातल्या छोट्या, पातळ शंखाच्या गोगलगाई वेगळ्या. काजव्यांच्या अळ्या त्यांच्यावरच जगतात, म्हणून सरसकट विषारी गोळ्या टाकू नका.

फुलपाखरांसाठी कुठली फुलझाडं लावू?

फुलझाडं लावाच, पण आधी अळीचं जेवण लावा. कढीपत्ता आणि लिंबावर लिंबाचं फुलपाखरू अंडी घालतं. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. तिला झटकून टाकलंत तर फुलपाखरू कुठून येणार? 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळीही याच कुळातल्या झाडांवर, माकडलिंबावर वाढते. रुई, पानफुटी, एरंड, बहावा यांचीही आपापली फुलपाखरं आहेत. आंब्यावरचं बांडगूळ सगळं काढू नका, एखादं ठेवा, त्यावरही एक सुंदर फुलपाखरू वाढतं. लग्नात फुलपाखरं सोडायचा कार्यक्रम मात्र कृपा करून करू नका.

किडे पकडले तर गुन्हा होतो का? ग्रामपंचायत काही करू शकते का?

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूचींत कित्येक फुलपाखरांची नावं आहेत. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कुठलाच जीव आणता येत नाही. त्यामुळे फोटो काढा, फ्रेममध्ये टोचलेली फुलपाखरं विकत घेऊ नका.

ग्रामपंचायतीच्या हातात बरंच आहे. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. तुमच्या गावची नोंदवही उघडून बघा. झाडं, पक्षी, जनावरं यांची पानं भरलेली असतील आणि कीटकांचं पान जवळजवळ कोरं असेल, तर आम्हाला बोलवा. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन बसलो की जुनी नावं, कुठल्या ओढ्याला काय दिसायचं, कुठली माशी कधी यायची, हे सगळं निघतं.

नोंद पाठवायची तर फोटो कसा काढू?

मोबाईल पुरतो. वरून एक, बाजूने एक, आणि ज्या झाडावर बसलाय त्याच्या पानाचा एक. गावाचं नाव, तारीख, वेळ लिहा. आयनॅचरलिस्ट या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर तज्ज्ञही ओळख पटवतात. सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ हा फुलपाखरांच्या नोंदींचा उपक्रम असतो, तेव्हा नवख्यांनी सुरुवात करावी. दुर्मीळ शोधत फिरू नका. त्याच बांधावर दर महिन्याला जाऊन काय दिसलं आणि काय दिसलं नाही, ते लिहिलेली वही आमच्या जास्त कामाची आहे.

देणगी दिली तर पैसे कशावर खर्च होतात?

जाळरेषेची मजुरी, शाळांतल्या भिंगांची खरेदी, प्रवास आणि बांध न कोरणाऱ्या शेतकऱ्यांना देशी बियाणं. रोख घेत नाही, पावती मिळते, हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जातो आणि कुणालाही कार्यालयात बघायला मिळतो. कीटकनाशक विकणाऱ्या कंपन्यांकडून आम्ही पैसे घेत नाही.

मी पुण्यात राहतो, गावी शेत वाट्याने दिलंय. माझ्याकडून काय होणार?

वाटेकऱ्याशी बोलताना एक अट घाला: बांध कोरायचा नाही, त्यावर तणनाशक मारायचं नाही आणि पाचट जाळायचं नाही. त्यामुळे त्याची मजुरी वाढत असेल तर तेवढी तुम्ही सोसा. पडीक तुकडा सपाट करून द्यायचा विचार असेल तर जेसीबी सांगण्याआधी आम्हाला कळवा. आम्ही येऊन बघू, तिथे काय राहतं ते तुम्हाला लिहून देऊ, मग तुम्ही ठरवा.